सूत जुळेना

गेल्या पावसाळ्यात पूल या बिलियर्ड्ससारख्या खेळाच्या माझ्या काठीचा, म्हणजे क्यूचा, पुढचा अर्धा भाग वाकला आणि त्यात त्याचा काडीचाही दोष नव्हता. जूनमध्ये मी क्यू कपाटामागे भिंतीला तिरका टेकवून ठेवला आणि पुढचे तीन महिने विसरलो. आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आले, याची तासातासाला चौकशी करणाऱ्या सांगलीकराला कपाटामागच्या मेपलच्या काठीने किती ओल प्यायली असेल, हे सुचत नाही. सप्टेंबरात तो बाहेर काढून टेबलावर लोळवला, तेव्हा नवस फेडायला आलेल्या माणसाने नमस्कार घालावेत, तसे त्याचे टोक दर फेरीला वर उठत होते आणि पुन्हा टेकत होते.

वास्तविक यात घाबरण्यासारखे काही नव्हते. पूलचा क्यू साधारण अठ्ठावन्न इंच लांब असतो आणि तो मधोमध उघडतो. मागचा जाड भाग म्हणजे बट, पुढचा निमुळता भाग म्हणजे शाफ्ट. बटाच्या तोंडातून एक पिन बाहेर आलेली असते, शाफ्टमध्ये तिच्यासाठी आटे पाडलेले भोक असते आणि दोन्ही एकमेकांत पिळून बसवले, की क्यू तयार होतो. तेव्हा शाफ्ट बिघडला तर शाफ्ट बदलावा, इतके ते सोपे वाटत होते. आमच्या घरातही यावर एकमत झाले. “अहो, आपल्या मॉपचा दांडा मोडला, तेव्हा कोपऱ्यावरच्या दुकानातून दुसरा आणला आणि लगेच बसला की,” असे हिने सांगितले. हे वाक्य पुढचे दोन महिने मला किती वेळा आठवणार होते, याची तेव्हा कल्पना नव्हती.

मी फोनवरून नवा शाफ्ट मागवला. विक्रेत्याने विचारले, “पिन कोणती?” मी पिनकडे पाहून प्रामाणिकपणे उत्तर दिले, “जाड.”

येथे थोडे सुताविषयी सांगायला हवे. लोखंडाच्या दुकानात इंचाचे आठ भाग करतात आणि प्रत्येक भागाला सूत म्हणतात. क्यूच्या बहुतेक पिना अडीच सुताच्या किंवा तीन सुताच्या असतात. पण जाडी जुळली म्हणजे सूत जुळले, असे या धंद्यात होत नाही. अडीच सुतातल्या काही पिनांना एका इंचात अठरा आटे असतात, काहींना चौदा. तीन सुतातल्या काहींना दहा, काहींना अकरा. त्याच जाडीच्या आसपास रेडियल नावाची एक पिन असते, तिला इंचात आठच आटे असतात आणि तेही खोलगट, गोलसर. याशिवाय काही सांध्यांची तोंडे सपाट असतात, तर काहींत शाफ्टच्या पितळी नळीचा छोटासा ओठ पुढे आलेला असतो आणि तो बटाच्या पोलादी कड्यात नेमका बसावा लागतो. दहा आणि अकरा यांत फरक एकाचाच, असे शाळेत शिकलेल्या माणसाला वाटते. पण इंचभर आत जाईपर्यंत अख्खा एक आटा मागेपुढे होतो. पहिल्या एकदोन फेऱ्या लाकूड सांभाळून घेते आणि त्यानंतर जे अडकते, ते पुढे जात नाही आणि मागेही येत नाही.

आलेला शाफ्ट दहा आट्यांचा होता. तो माझ्या बटावर सव्वा फेरी फिरला आणि थांबला.

माझी पिन दहाची नव्हती, अकराची नव्हती, रेडियलही नव्हती. हा क्यू भाच्याने पुण्याहून जुन्यात मिळवून दिलेला होता आणि त्याच्या कंपनीने जगातल्या सगळ्या पिना नापसंत करून स्वतःची एक वेगळी पिन काढली होती. तिचे टोक गुळगुळीत आणि आटे फक्त मुळाशी, त्यामुळे शाफ्ट आधी नुसता सरकवायचा आणि शेवटच्या चार फेऱ्यांत आवळायचा. खरे सांगायचे तर ती पिन सुरेख होती. तिचा शाफ्ट फक्त तिच्याच माहेरी मिळतो, ही एवढीच तिची खोड. त्या माहेरच्या शाफ्टची किंमत मी अख्ख्या क्यूसाठी भाच्याला दिलेल्या रकमेच्या अडीचपट निघाली आणि शिवाय नव्या मॉडेलपासून पिनही बदलली असल्याचे कळले.

क्लबात ही बातमी पसरताच सहानुभूतीची लाट आली. त्या संध्याकाळी सात जणांचे शाफ्ट माझ्या बटावर चढवून पाहण्यात आले. एक शाफ्ट खलात बत्ता पडावा तसा आत पडला आणि तसाच बाहेर आला. चार तोंडाशीच अडले. एक चांगला अडीच फेऱ्या गेला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मग तो सोडवायला दोन्ही बाजूंनी दोन-दोन माणसे लागली. त्या शाफ्टचे मालक हल्ली माझ्याशी तुटक बोलतात. सातवे गृहस्थ स्नूकरवाले होते. त्यांचा क्यू पाऊण लांबीवर उघडतो, त्यामुळे त्यांचा शाफ्ट बसला असता तर मला टेबलाऐवजी गच्चीवरून खेळावे लागले असते. क्लबचे मालक गल्ल्यावरून शांतपणे म्हणाले, “आमचा भिंतीवरचा घ्या की. अख्खा हाय, सांधाच न्हाई.”

मला राग खेळाच्या कायदेकर्त्यांचा येतो. पूलच्या जागतिक संघटनेच्या नियमांत क्यू चाळीस इंचांपेक्षा आखूड नको, पंचवीस औंसांपेक्षा जड नको आणि त्याच्या टोकावरची टिप चौदा मिलिमीटरपेक्षा रुंद नको, इथपर्यंत सगळे ठरवून दिलेले आहे. पिनेविषयी मात्र ज्याने-त्याने आपल्या मनाचे करावे. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज इंजिनिअरने सर्वांनी एकाच मापाचे आटे पाडावेत, असे १८४१ सालीच सुचवले होते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकन नट-बोल्ट एकमेकांना बसेनात, तेव्हा अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी १९४८ साली एकत्र बसून आट्यांचा करार केला. क्यू बनवणाऱ्यांवर अद्याप कुणी महायुद्ध लादलेले नाही, एवढाच त्यांचा आणि त्या तीन राष्ट्रांचा फरक.

शेवटी लाकडाचे काम म्हणून मी मिरजेला सतारमेकर गल्लीत गेलो. तिथल्या वृद्ध कारागिरांनी बट हातात घेतला, बोटाच्या पेराने तीन ठिकाणी वाजवून पाहिला आणि “लाकूड चांगले आहे” असा निर्वाळा दिला. मी पिनेची अडचण सांगितली. त्यांनी एका अर्धवट सतारीची खुंटी उपसून माझ्यासमोर धरली. ती नुसती निमुळती होती आणि तिला एकही आटा नव्हता. “हिला आम्ही भोकात दाबून पिळतो. तारेचा एवढा ताण असतो, पण हलत नाही,” ते म्हणाले. मी काही बोललो नाही. त्यांनी निघताना पुडीत बांधून चांगल्या वाळलेल्या शिसवीचा बोटभर तुकडा मात्र दिला. “लागेल तुम्हाला,” एवढेच म्हणाले.

तो लागला कुपवाडच्या एमआयडीसीत. तिथल्या एका लेथवर उसाच्या चरकाचा रोलर चढलेला होता. मिस्त्रींनी तो थांबवला, हात पुसले, चष्मा चढवला आणि खिशातून आटे मोजायचे पिच गेज काढून त्याची पाने जपानी पंख्यासारखी उघडली. एकेक पान ते पिनेच्या आट्यांत टेकवत, उजेडाकडे धरत आणि मिटत. “अठरा... न्हाई. सोळा... न्हाई. बारा... जरा लांबच.” पाने संपली. त्यांनी चष्मा कपाळावर सारला आणि माझ्याकडे थोड्या संशयाने पाहिले. “साहेब, ह्याचं पानच नाही ह्यात. कुठनं आणलासा?”

मी म्हणालो, “असेच आटे आतून पाडता येणार नाहीत का?”

“बाहेरनं काय बी पाडतो. पण एवढ्याशा भोकात आतनं पाडायला टॅप पायजे, आणि ह्याचा टॅप त्या कंपनीच्याच घरात.” मग थोडा विचार करून ते म्हणाले, “पिनच काढू या की.”

पिन इपॉक्सीने चिकटवलेली असते. सोल्डरिंगची इस्त्री टोकाला टेकवून पिन तापवली, की गोंद मऊ पडतो. अशा वेळी पिनेवर दोन नट चढवून एकमेकांवर आवळतात आणि पाना लावून पिन उलटी फिरवतात. आमच्या पिनेला जगातला कोणताही नट बसत नव्हता. तिने जातानाही आपले वेगळेपण सोडले नाही. मिस्त्रींनी ग्रिप प्लायरने तिला दातओठ खाऊन धरले आणि करकर आवाज करीत ती सुरेख पिन, आटे ठेचलेल्या अवस्थेत, माझ्या तळहातावर आली. जुन्या भोकात शिसवीच्या तुकड्याची खुंटी करून बसवली गेली. बट लेथमध्ये धरून, डायल गेजचा काटा स्थिर होईपर्यंत चकचे चार जबडे एकेक करून हलवण्यात अर्धा तास गेला. काटा थांबल्यावर खुंटीच्या मध्यावर नवे भोक पडले आणि त्यात स्टेनलेस स्टीलचा दांडा चिकटवण्यात आला. दहा आट्यांच्या त्या बिचाऱ्या शाफ्टचे भोक मोठे करून त्यात पितळेचा बुश, म्हणजे नळी, बसला. आटे मिस्त्रींच्या डब्यात कायम असणाऱ्या टॅपचे, म्हणजे तीन सुतात सोळा. व्हिटवर्थच्या कोष्टकातही तीन सुताला सोळाच आटे आहेत आणि अमेरिकेच्या जाड्या आट्यांतही सोळाच. सहाशे रुपये आणि दोन चहा झाले. क्यू लेथच्या बेडवर लोळवला, तेव्हा त्याने एकदाही नमस्कार घातला नाही.

क्लबात एका जाणकाराने सांध्यावर नख फिरवून विचारले, “कुठली पिन?” मी म्हणालो, “कुपवाड.” त्यांनी ती परदेशी असल्याप्रमाणे मान डोलावली. त्यांचा महागडा शाफ्ट माझ्या बटावर चढवून पाहण्याची त्यांची इच्छा होती, पण तो आता बसत नाही. माझा शाफ्टही त्यांच्या बटाला बसत नाही. कुणाचेच काही माझ्याला बसत नाही, हे मी जरा ताठ मानेनेच सांगितले.

पिनेवर घालायची मूळची टोपी अर्थातच निकामी झाली होती. म्हणून परवा गणपती पेठेत हार्डवेअरच्या दुकानात जाऊन तीन सुती नट मागितला. दुकानदाराने डब्यात न पाहता हात घालून एक काढला, मी तो तिथेच पिनेवर फिरवला आणि तो पहिल्या आट्यापासून शेवटच्या आट्यापर्यंत लोण्यातून जावा तसा गेला. दुकानदाराने त्या सुशोभित, रंगीत धाग्यांनी मढवलेल्या बटाकडे बघून विचारले, “पंपाचा हाय का ट्रॅक्टरचा?”

मी म्हणालो, “पंपाचा.”