टावरवाले साहेब

निवृत्त झाल्यावर माणसाला छंद हवा, असं आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या मंडळींचं एकमताने ठरलं. एकाने गच्चीवर वांगी लावली, दुसऱ्याने पक्ष्यांचे फोटो सुरू केले. पक्षीवाल्याला एक सुख असतं. फोटो पुढे केला की समोरचा ‘वा!’ म्हणतो. मी रेडिओचे खांब धरले. माझा फोटो पुढे केला की समोरचा आधी स्वतःचा चष्मा पुसतो, मग माझ्या मोबाइलची काच.

त्याचाही इलाज नाही. मीडियम वेव्हचा मास्ट, म्हणजे आकाशवाणीचा तो उंच खांब, ही फोटोत न मावणारी वस्तू आहे. इंदूर आकाशवाणी म्हणजे 648 किलोहर्ट्झ, म्हणजे लहर साधारण 463 मीटर लांब. अँटेना म्हणून तिचा पाव हिस्सा उभा करायचा म्हटला तरी 115 मीटरच्या वर गेला. पूर्ण खांब घ्यायला मागे सरकत शेजारच्या गावच्या हद्दीत जावं, तर तो आभाळावरच्या ओरखड्याइतका उरतो. जवळून घ्यावा तर नुसतं कुंपण येतं आणि ‘आत येण्यास मनाई’. माझा जीव खरा अडकतो तो पायथ्याशी. एवढं धूड वीज अडवणाऱ्या चिनीमातीच्या एका इन्सुलेटरवर टेकलेलं असतं, कारण अख्खा खांबच अँटेना, त्याने जमिनीला शिवायचं नाही. सोवळ्यातल्या आजीसारखं. ताण्याच्या तारांनाही मध्ये मध्ये चिनीमातीचे गोळे ओवलेले असतात. हे मी घरी तल्लीन होऊन सांगतो. हिने एकदाच विचारलं, “अहो, मग बरणीचाच काढायचा होता ना फोटो!”

स्टुडिओचं तर त्याहून कठीण. आकाशवाणीच्या मालवा हाउसमधून 22 मे 1955 पासून आमच्या गावाचा आवाज निघतोय. रेडिओवरच्या नंदाजी-भेराजींच्या मालवी बोलीतल्या गप्पा ऐकत आमची एक पिढी जेवली. त्या इमारतीचे मी फुटपाथवरून अकरा फोटो काढले. अकराही फोटोंत सरकारी इमारत आली, आवाज एकातही नाही. लहानपणी शाळेतर्फे एका स्टुडिओत समूहगीत म्हणायला गेलो होतो. भिंतीला बारीक भोकांचे तक्ते होते. मी ती मोजायला लागलो, चारशेच्या पुढे गेलो आणि लाल दिवा कधी लागला ते कळलंच नाही. बाकीच्यांचं ध्रुवपद संपल्यावर माझं एकट्याचं सुरू झालं. तेव्हापासून मी बाहेरूनच फोटो काढतो.

एफएमबद्दल काय सांगायचं? 2001 साली खासगी एफएम आलं, गाव चोवीस तास बोलायला लागलं. पण त्याची लहर जेमतेम तीन मीटरची. अँटेना टॉवरच्या टोकाला कंगव्यासारखी लटकलेली. छंदाला मजा नाही.

असो. गेल्या थंडीत गावाबाहेरच्या एका मास्टपाशी कच्च्या रस्त्यावर मोबाइल उभा धरून मी जवळजवळ आडवा झालो होतो. डोक्यावरून आवाज आला, “सर्वे वाले हो?”

शेताचा मालक. मी म्हटलं, शौक म्हणून फोटो काढतो.

“शौक? टावर का?” त्याने मला खालपासून वरपर्यंत, म्हणजे मी मास्ट बघतो तसं बघितलं. मग समजूतदारपणे मान हलवली. “समझ गया. अभी ऊपर से ऑर्डर नहीं होगा.”

पुढे माझ्या हातात काही राहिलं नाही. खाट आली, चहा आला, वर भरपूर शेव घातलेले पोहे आले, प्लास्टिकच्या पिशवीतून जमिनीची पावती आली. “रोड टच है, बोरिंग है. किराया कितना बैठेगा?” मी सांगितलं, भाऊ, तो मोबाइलचा टॉवर वेगळा, हा रेडिओचा. याच्याभोवती जमिनीत तांब्याच्या तारा चहूकडे पुरलेल्या असतात, तिथे नांगर चालत नाही.

“तांबा?” त्याने खाट जवळ ओढली. “कितना गहरा?”

मी घाईघाईने गव्हाच्या भावावर आलो.

निघताना त्याने माझा नंबर घेतला आणि डिकीत ओल्या हरभऱ्याच्या दोन जुड्या कोंबल्या. माझ्या छंदातून घरी आलेली ती पहिली कमाई.

तेव्हापासून दर रविवारी फोन येतो. “साहब, टावर का क्या हुआ?” मी दोनदा खरं सांगितलं, तेव्हा तो आणखी नम्र झाला. तिसऱ्यांदा मी अंघोळीला गेलो होतो, फोन हिने उचलला.

“हां जी भैया, फाइल आगे गई है,” ही शांतपणे म्हणाली. बँकेत 32 वर्षं मी हेच वाक्य वापरलं. घरी कधी शिकवलेलं नव्हतं.

फोन ठेवून हिने न्हाणीघराचं दार वाजवलं. “अहो, खांबाकडे परत कधी जाताय? हरभरा संपला.”