जुनी कादंबरी वाचताना शब्द अडले तर

जुनी कादंबरी वाचायची तर शेजारी वही ठेवा, अवघड शब्द उतरवून काढा, अर्थ पाठ करा, हा सल्ला बरेच जण देतात आणि मला तो अजिबात पटत नाही. दोन पानांत कंटाळा येतो, कादंबरी राहते बाजूला, आणि ती शब्दांची यादी परत कोणी उघडून बघत नाही.

हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' घ्या. 1890 च्या सुमारास 'करमणूक' साप्ताहिकातून क्रमशः येत होती, पण नायिका यमू स्वतः आपली गोष्ट सांगते त्यामुळे भाषा बरीचशी घरातलीच वाटते. त्या काळच्या लिखाणात वपन, आलवण (विधवेचं तांबडं लुगडं) असे शब्द आले की आपण थांबतो, कोश बघतो, ते ठीक आहे. खरा घोळ होतो तो ओळखीच्या शब्दांपाशी. 'सोवळी' वाचलं की आपल्याला पूजेचं सोवळं आठवतं आणि आपण पुढे जातो, पण तेव्हा सोवळी बाई म्हणजे केशवपन केलेली, डोक्यावरचे केस काढलेली विधवा, हे कळलं नाही तर अख्ख्या प्रसंगाचा अर्थच निसटतो! म्हणून वाक्य नीट बसत नाहीये असं वाटलं की सोपा शब्दसुद्धा बघावा.

मी आधी प्रकरण सलग वाचते, पेन्सिलीने बारीक खूण करते, अंदाज बांधते आणि मग जे खरंच अडलंय तेवढंच शोधते. कोश मात्र त्या काळाच्या जवळचा हवा. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची 1857 ची आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या साइटवर फुकट सर्च करता येते, अर्थ इंग्रजीत आहेत पण काम होतं. मराठीतूनच अर्थ हवा तर दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश, त्यात वापराची उदाहरणंही मिळतात. आणि हो, शब्द सापडला नाही तर अनुस्वार देऊन बघा, 1962 च्या शुद्धलेखनाच्या नियमांआधी नांव, केंस, कांहीं असंच लिहायचे.

मुलांसाठी 'सोप्या भाषेत' म्हणून असे शब्दच काढून टाकतात त्याचं मला फार वाईट वाटतं. तळटीप द्या ना, पण शब्द जागेवर राहू द्या. विधवा झाल्यावर यमूचे केस कसे जबरदस्तीने काढले ते वाचलेल्या मुलीला वपन म्हणजे काय हे वेगळं पाठ करावं लागणार नाही.