टाकी आज, मासेही आजच!

"टाकी घ्या, पंप घ्या, हे गोल्डफिश घ्या, संध्याकाळी पोरं खूश!" दर रविवारी माशांच्या दुकानात हेच ऐकू येतं आणि डोकं फिरतं. अहो, मासे पाण्यात अमोनिया सोडतात, आणि कोऱ्या टाकीत तो पचवणारे जिवाणूच नसतात! ते फिल्टरमध्ये रुजायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. अमोनियाचं आधी नायट्राइट होतं, मग नायट्रेट, आणि यातले अमोनिया अन् नायट्राइट दोन्ही माशांना विषारी. दोन-तीन दिवसांत मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करतात, कल्ले लालभडक होतात. विचारलं की दुकानदार म्हणणार, "सगळं पाणी बदला." मग नळाचं क्लोरीनवालं पाणी थेट ओतायचं, म्हणजे उरलेसुरले जिवाणूही खलास. मासे कचऱ्यात, गिऱ्हाईक पुन्हा दुकानात.

नीट सांभाळला तर गोल्डफिश १० वर्षं सहज जगतो, वीतभर वाढतो. त्याला नारळाएवढ्या बाऊलमध्ये कोंबून 'शोभेचा' म्हणून विकतात! आता समुद्रातल्या क्लाउनफिशचंही तेच. खाऱ्या पाण्याची टाकीसुद्धा त्याच दिवशी भरून द्यायची. टाकी आज विका, मासे महिन्याने द्या. एवढं सांगायला तोंड दुखतं का?