गच्चीवरचं ऊन आणि सरकारचा शब्द

सांगलीच्या आमच्या घरी सोलर बसवायचं की नाही, यावर दादा आणि काकांचं अजून एकमत झालेलं नाही. दादाचा हिशेब सरळ आहे. तीन किलोवॉटला दोन लाखांच्या आसपास खर्च, त्यातले ७८,००० रुपये पीएम सूर्यघर योजनेतून परत, आणि महिन्याला साडेतीनशेच्या घरात युनिट. आमचा वापर तीनशेचा, म्हणजे चार-पाच वर्षांत पैसे वसूल. काकांना धास्ती आहे ती नियमांची. २०२५च्या सुरुवातीला महावितरणने वीज नियामक आयोगापुढे एक प्रस्ताव ठेवला होता: सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळात पॅनेलने दिलेली वीज फक्त त्याच वेळेतल्या वापरातून वजा करायची, रात्रीच्या नाही. त्याला जोरदार विरोध झाला, पण काकांच्या मनात शंका राहिली ती राहिलीच. आज दिलेली सवलत उद्या काढून घेतली तर?

मी मेलबर्नला राहते. ऑस्ट्रेलियात चाळीस लाखांहून जास्त छतांवर पॅनेल आहेत, साधारण दर तीन घरांमागे एक. काकांची भीती इथल्या लोकांनी अनुभवून झाली आहे. न्यू साउथ वेल्समध्ये २०१० साली छतावर तयार होणाऱ्या प्रत्येक युनिटला ६० सेंट मिळायचे. एवढी झुंबड उडाली की त्याच ऑक्टोबरात नव्या ग्राहकांसाठी दर २० सेंटांवर आणावा लागला. २०११ मध्ये सरकारने जुन्यांचेही ६० सेंट कमी करायचं ठरवलं, तेव्हा लोक असे खवळले की सरकारला मागे यावं लागलं. योजना ठरल्याप्रमाणे २०१६च्या अखेरीस संपली, तोवर जुन्यांना शब्द दिल्याप्रमाणे पैसे मिळाले.

महाराष्ट्रातल्या वादात मला हीच बाजू मोठी वाटते. महावितरणची अडचण खोटी नाही. दुपारी सगळ्यांच्याच गच्चीवर ऊन असतं, तेव्हाच्या विजेला भाव राहत नाही, आणि नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे ग्रिडला दिलेली वीज बिलातल्या वापरातून वजा करण्याच्या पद्धतीत, दुपारच्या युनिटच्या बदल्यात संध्याकाळचं महाग युनिट द्यावं लागतं. आमच्या व्हिक्टोरियात ग्रिडला दिलेल्या युनिटचा किमान दर २०२४-२५ला ३.३ सेंटांवर आला आणि जुलै २०२५पासून किमान दराचं बंधनच गेलं. उद्या महाराष्ट्रातही नियम बदलतील. ते नव्या ग्राहकांसाठी बदलावेत. ज्याने सरकारी जाहिरात वाचून घरचे पैसे गुंतवले, त्याच्या करारात किती वर्षं कोणता नियम लागू राहील हे छापलेलं हवं आणि ते पाळलं जायला हवं. ग्राहक संघटनांनी दराच्या आधी यासाठी भांडावं.

भाड्याने राहणारे, फ्लॅटवाले, गच्ची नसलेले या सगळ्यातून बाहेरच राहतात. इथल्या केंद्र सरकारने काही राज्यांत दुपारी तीन तास फुकट वीज देण्याची योजना जाहीर केली आहे, घरावर पॅनेल असो वा नसो. दुपारच्या जादा विजेचा हा उपयोग मला सर्वांत न्याय्य वाटतो.

घरच्या निर्णयाबद्दल म्हणाल तर बसवावं, पण दोनच किलोवॉटचं. अनुदान पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३०,००० आहे, तिसऱ्याला १८,०००. शिवाय महावितरणचं शंभराच्या पुढचं युनिट आतल्यापेक्षा जवळजवळ दुप्पट महाग. दोन किलोवॉटचे महिन्याचे सव्वादोनशे-अडीचशे युनिट बिलातला हा महाग भागच आधी खातात. तिसरा किलोवॉट वाचवणार ते स्वस्त युनिट. पाण्याची मोटर, वॉशिंग मशीन, इस्त्री दुपारी लावायची सवय आईला आतापासून लागली, तर पुढे कधी रात्रीची वजावट गेलीच तरी फटका कमी बसेल. एक गोष्ट दादाला सांगायला हवी: बॅटरी नसलेलं सोलर लाइट गेली की तेही बंद पडतं, तेव्हा घरातला जुना इन्व्हर्टर विकू नकोस.