पाट्या बदला, हजेरीपट मात्र जपा

कोलकात्याच्या फोर्ट विल्यमचा विजय दुर्ग झाला, आतल्या किचनर हाउसचं माणेकशॉ हाउस झालं, सेंट जॉर्ज गेटला शिवाजी गेट म्हणू लागले. २०२५च्या सुरुवातीला ही बातमी आली तेव्हा लंडनच्या मराठी घरांतही आनंद झाला, आणि तो रास्त होता. किचनर या ब्रिटिश सेनापतीचं नाव आपण का सांभाळावं? पण त्या चर्चेत एक वाक्य वारंवार ऐकू आलं: दुसऱ्या महायुद्धात लढले ते इंग्रजांचे पगारी शिपाई, त्यांच्याशी आपला काय संबंध? हे मला मान्य नाही. का, ते सांगायला एका इंग्रज फील्ड मार्शलचाच आधार घेतो.

लंडनमध्ये व्हाइटहॉलवर संरक्षण मंत्रालयासमोर विल्यम स्लिमचा पुतळा आहे. १९९० साली बसवलेला, डोक्यावर जंगलातली रुंद काठाची हॅट. हा बर्मिंगहॅमच्या साध्या घरातला मुलगा. आधी शाळेत शिकवलं, मग धातूच्या नळ्या बनवणाऱ्या कंपनीत कारकुनी केली. १९१४ साली युद्ध पेटलं म्हणूनच तो अधिकारी झाला. पुढे इंडियन आर्मीत आला त्याचं एक कारण रोकडं होतं: तिथे घरच्या पैशांशिवाय, नुसत्या पगारावर अधिकाऱ्याचं भागत असे. तरीही पुरेना म्हणून तो टोपणनावाने वर्तमानपत्रांत गोष्टी लिही. १९३९ साली तो बेळगावला सीनियर ऑफिसर्स स्कूलचा प्रमुख होता. मराठा पलटणींचं केंद्रही याच गावात.

ऑक्टोबर १९४३मध्ये ब्रह्मदेशच्या आघाडीवर जपानशी लढणारी चौदावी आर्मी त्याच्या हाती आली. त्यात बहुसंख्य जवान भारतीय होते. तेव्हा एका जखमीमागे १२० आजारी मागे पाठवावे लागत होते, आणि मुख्य शत्रू मलेरिया. मलेरियाचा रुग्ण भारतातल्या इस्पितळात गेला की पाच-पाच महिने परतत नसे. स्लिमने उपचार केंद्रं आघाडीच्या मागे काही मैलांवर आणली आणि माणूस तीन आठवड्यांत पलटणीत परतू लागला. प्रतिबंधासाठी मेपाक्रिनची रोज एक गोळी होती. पण गोळीने पुरुषत्व जातं अशी आवई उठली होती, आणि जवान ती टाळत. मग अचानक अख्ख्या तुकडीची तपासणी व्हायची. ९५ टक्क्यांहून कमी जणांच्या अंगात औषध सापडलं, तर शिक्षा जवानाला नाही, कमांडिंग ऑफिसरची उचलबांगडी. तिघांना घरी पाठवल्यावर बाकीचे समजले. पाटी कुणाच्याही नावाची असो, आजच्या प्रत्येक खात्याने ही पद्धत जशीच्या तशी उचलावी.

त्याच्या चुकाही मोठ्या होत्या. मार्च १९४४मध्ये ईशान्य भारतातल्या कोहिमाकडे जपानची एखादी रेजिमेंट येईल असा त्याचा अंदाज होता, आली तिच्याहून कितीतरी मोठी अख्खी डिव्हिजन. चूक त्याने पुढे स्वतः लिहून कबूल केली. मधल्या काळात तिची किंमत कोणी भरली? इंफाळच्या ईशान्येला संगशाकच्या टेकडीवर ५०वी पॅराशूट ब्रिगेड अडकली. तिच्यात ४/५ मराठा, म्हणजे पाचव्या मराठा रेजिमेंटची चौथी पलटण होती. काटेरी तार नाही, खाली कातळ असल्याने खंदक खोल जाईना, पाणी संपलेलं. विमानातून टाकलेली रसद बरीचशी जपान्यांच्याच हाती पडत होती. तरी २६ मार्चच्या रात्री बाहेर पडण्याचा हुकूम येईपर्यंत त्यांनी जागा सोडली नाही. कोहिमाकडे निघालेल्या जपान्यांचे मोलाचे दिवस तिथे वाया गेले. हा इतिहास इंग्रजांचा कसा?

नावं बदलतात तशी परदेशातही. स्लिम १९५३ ते १९६० ऑस्ट्रेलियाचा गव्हर्नर जनरल होता. तिथल्या बालगृहातल्या मुलांशी त्याने गैरवर्तन केल्याचे आरोप त्याच्या मृत्यूनंतर पुढे आले. आरोप न्यायालयात तपासले गेले नाहीत, पण कॅनबेराने रस्त्यावरचं त्याचं नाव काढलं. युद्धाचा इतिहास मात्र कुणी पुसला नाही. पाटी ही एक गोष्ट आणि नोंद ही दुसरी, एवढा फरक तिथे पाळला गेला. आपल्याकडे पाटीबरोबर माणसंही विस्मरणात जातात, माझी तक्रार तेवढीच आहे.

यावर करण्यासारखं काम साधं आहे. महायुद्धांतल्या मृत सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर शोध फुकट आहे. रेजिमेंटच्या रकान्यात 'मराठा'चं जुनं स्पेलिंग 'Mahratta' टाका, त्यात 'एच' आधी येतो आणि 'टी' दोन असतात, आजचं स्पेलिंग टाकलं तर शोध फसू शकतो. आडनावावर विसंबू नका, कारकुनांनी ती कशीही लिहिलीत, आणि अनेक नोंदींत आडनावच नाही. त्यापेक्षा इंफाळचं दहन स्मारक आणि रंगूनचं स्मारक अशी स्थळं धरून यादी काढा. बऱ्याच नोंदींत वडिलांचं नाव आणि गावही सापडतं. साताऱ्याच्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावांना सैनिकी परंपरा सांगावी लागत नाही. बाकीच्या गावांनी आपली चार नावं शोधून १५ ऑगस्टला ग्रामपंचायतीसमोर वाचावीत, वडिलांच्या नावासकट.