साठीनंतर स्नायू वाढत नाहीत? त्या मेसेजला उत्तर

कचराळी तलावाला सकाळी फेऱ्या मारणाऱ्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. त्यातले दावे थोडक्यात असे: साठीनंतर स्नायू वाढतच नाहीत. वजनं उचलली की सांधे झिजतात आणि बीपी चढतं. ज्येष्ठांना चालणं पुरेसं आहे. प्रोटीन तरुण पोरांसाठी, म्हातारपणी त्याने किडनी खराब होते. मी ठाण्यात फिजिओथेरपी करते. हा मेसेज वाचून चांगला चाललेला व्यायाम सोडलेली माणसं माझ्यासमोर येऊन बसतात, म्हणून एकेक दावा घेते.

"साठीनंतर स्नायू वाढत नाहीत." हे खोटं ठरून तीन दशकं उलटली. १९८८ साली अमेरिकेत ६० ते ७२ वयाच्या १२ पुरुषांनी १२ आठवडे मांड्यांचा व्यायाम केला, तोही चांगला जड: जे वजन एकदाच जेमतेम उचलता येतं, त्याच्या ८० टक्के. सीटी स्कॅनमध्ये मांडीतले स्नायू सुमारे ११ टक्क्यांनी वाढलेले दिसले. १९९० मध्ये डॉ. मारिया फियाटारोन यांनी याच्याही पुढे जाऊन बॉस्टनमधल्या एका वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या घरातल्या अशक्त माणसांकडून आठ आठवडे असाच व्यायाम करून घेतला. ज्यांनी तो पूर्ण केला त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, मांडीचा स्नायू ९ टक्क्यांनी. दोन आकड्यांत एवढी तफावत का? कारण सुरुवातीच्या आठवड्यांत मज्जासंस्था आहे तेच स्नायू जास्त चांगले वापरायला शिकते. स्नायू जाड व्हायला वेळ लागतो.

मेसेजमध्ये सत्याचा अंश आहे तो इथे. पंचविशीतल्या मुलाने आणि सत्तरीतल्या आजोबांनी सारखाच व्यायाम केला, तर मुलाचा स्नायू जास्त भरतो. वयानुसार झटक्यात जोर लावणारे तंतू आधी बारीक होतात, आणि व्यायाम असो वा जेवणातलं प्रोटीन, म्हातारा स्नायू दोन्हींना कमी प्रतिसाद देतो. पण कमी प्रतिसाद म्हणजे शून्य प्रतिसाद नव्हे. उलट त्यामुळेच आजोबांना व्यायामाची गरज नातवापेक्षा जास्त आहे.

"चालणं पुरेसं आहे." चालणं हृदयाला आणि साखरेला उत्तमच, ते सोडू नका. पण मी येणाऱ्या प्रत्येकाला हात छातीशी घडी घालून खुर्चीतून पाच वेळा उठायला-बसायला सांगते. रोज तलावाला न चुकता फेऱ्या मारणाऱ्या आजी तिसऱ्या खेपेला खुर्चीच्या कडेला सरकतात, अंग पुढे झोकून देतात आणि हात आपोआप दांडीवर जातो. पाच वेळा उठायला १५ सेकंदांहून जास्त लागले, तर पायांतली ताकद कमी झाल्याचं ते लक्षण धरतात. ठाणे स्टेशनच्या पुलाचे जिने चढताना लागते ती हीच ताकद. सपाट रस्त्यावर पायांवरचा भार वाढत नाही, म्हणून ती तिथे मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२० मध्ये चालण्यासारख्या व्यायामासोबत आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम सांगितलाय, पासष्टीपुढच्यांनाही.

सांध्यांचं म्हणाल तर गुडघ्याच्या संधिवातात मांडीचे स्नायू बळकट करणं हा उपचाराचाच भाग आहे. बीपी वजन उचलताना तेवढ्यापुरतं चढतं, श्वास रोखून धरला तर फारच. म्हणून उचलताना श्वास सोडायचा. नियमित व्यायामाने ते थोडं उतरतं. मात्र बीपी आटोक्यात नसेल किंवा छातीत दुखत असेल, तर आधी डॉक्टर.

राहिलं प्रोटीन. एका जेवणातून स्नायूंना पुरेपूर चालना मिळायला तरुणाला वजनाच्या दर किलोमागे साधारण ०.२४ ग्रॅम लागतं, ज्येष्ठाला ०.४ च्या आसपास. म्हणजे ६० किलोच्या माणसाला एका वेळी २४ ग्रॅम. पोह्यांची बशी आणि चहा त्याच्या निम्म्यालाही पोहोचत नाही. सोबत अंडी, पनीर, दही, उसळ असं काही हवंच. दिवसाला किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रोटीनने निरोगी किडनी बिघडते याला आधार नाही. किडनीचा आजार असलेल्यांनी मात्र आपल्या डॉक्टरांनी ठरवून दिलेलंच प्रमाण पाळावं. आणि नुसत्या डब्यातल्या पावडरीवर भिस्त ठेवू नका: १९९४ मध्ये वृद्धाश्रमातल्या १०० जणांवर झालेल्या अभ्यासात व्यायामाविना दिलेल्या पूरक आहाराने अशक्तपणा हटला नाही.

सुरुवात खुर्चीतून उठण्या-बसण्याने करा, लागलं तर हाताचा आधार घेऊन. मग भिंतीवरचे जोर, थेराबँड (ताणायचा रबरी पट्टा), डंबेल. एका वेळी आठ ते बारा खेपा, आणि शेवटच्या दोन जड जायला हव्यात. त्या सहज जमू लागल्या की वजन वाढवा.