एका मोसमात खानदानी श्रीमंत कसे व्हावे

पैसा मिळवणं हे सोपं काम, ते तुम्ही उरकलंच असेल. पुढचं कठीण आहे. तो पैसा पणजोबांपासून चालत आलाय असं दिसायला हवं, आणि तेही एका मोसमात. यासाठी स्कॉट फिट्झजेराल्डची १९२५ सालची 'द ग्रेट गॅट्सबी' हाताशी ठेवा. लोक ती प्रेमकथा म्हणून वाचतात, परीक्षेत हिरव्या दिव्याच्या प्रतीकावर पानभर लिहितात आणि मोकळे होतात. कामाची माहिती सगळी खरेदीच्या तपशिलात आहे.

आधी जागा. न्यूयॉर्कपासून वीस मैलांवर, लाँग आयलंडला, एका खाडीच्या दोन बाजूंना दोन वस्त्या: ईस्ट एग आणि वेस्ट एग. पाणी तेच, वारा तोच. ईस्ट एगला पिढीजात श्रीमंत, वेस्ट एगला कालपरवाचे. (खऱ्या नकाशावर ही सँड्स पॉइंट आणि ग्रेट नेकची बाजू. लेखक १९२२ ते १९२४ ग्रेट नेकला भाड्यानं राहिला, म्हणजे चुकीच्या काठावर.) तुम्ही वेस्ट एगलाच घ्या. पलीकडच्या धक्क्यावर रात्रभर जळणारा हिरवा दिवा बघत उभं राहायचं तर अलीकडेच राहावं लागतं. ज्यांच्या धक्क्यावर तो आहे त्यांना विचारलंत तर दिव्याचा रंगही आठवायचा नाही.

घर दणकट घ्या. कादंबरीचा नायक, वेस्ट एगचा नवश्रीमंत गॅट्सबी, याचं घर म्हणजे नॉर्मंडीतल्या कुठल्याशा नगरपालिकेच्या इमारतीची नक्कल: एका बाजूला मनोरा, संगमरवरी तलाव, चाळीस एकरांहून जास्त हिरवळ आणि बाग. फसलं ते मनोऱ्यावरच्या वेलीत. आयव्ही विरळ आणि कोवळी. मनोरा पैशानं उभा राहतो, वेल मात्र आपल्या वेळेनंच चढते, आणि जाणकाराची नजर आधी वेलीवर जाते. हे घर मुळात बांधलं एका बिअरच्या कारखानदारानं, आणि तो गॅट्सबीच्याही पुढचा. शेजारच्या छोट्या घरांच्या मालकांना त्यानं सांगितलं म्हणे, की छपरं गवतानं शाकारा, पाच वर्षांचा कर मी भरतो. खिडकीत उभं राहिलं की खाली आपली रयत दिसावी, एवढीच माफक इच्छा. शेजाऱ्यांनी नकार दिला. म्हातारा गेला आणि दारावरचं सुतकाचं काळं पुष्पचक्र उतरायच्या आत मुलांनी घर विकलं.

आता पलीकडचं टॉम ब्यूकॅननचं घर बघा. लाल-पांढरं, जुन्या वळणाचं, हिरवळ किनाऱ्यापासून थेट दारापर्यंत पाव मैल. तेही विकतच घेतलेलं, तेलाच्या धंद्यातल्या डिमेन नावाच्या माणसाकडून. टॉम हे लपवत नाही. एका वाक्यात सांगतो आणि पाहुण्याला वळवून आत नेतो. हे नीट टिपून ठेवा, कारण सगळी मेख इथे आहे. घर दोघांनीही विकत घेतलंय, पण सांगायची चोरी एकालाच. शिवाय टॉमनं गॅरेजचा तबेला केलाय आणि असं करणारा आपण पहिलाच, हे तो अभिमानानं सांगतो. तबेल्याचं गॅरेज करतात ती तुमच्याआमच्यासारखी माणसं.

मेजवान्यांचं गणित असं. दर शुक्रवारी संत्री-लिंबांच्या पाच पेट्या मागवायच्या. रस काढायचं यंत्र अर्ध्या तासात २०० संत्री पिळतं, फक्त त्यासाठी बटलरनं अंगठ्यानं २०० वेळा बटण दाबायचं असतं. सोमवारी पिळलेल्या अर्धुकांचा ढीग मागच्या दारानं बाहेर, आणि एका जादा माळ्यासकट आठ नोकर दिवसभर खराटे, हातोडे, कात्र्या घेऊन पडझड निस्तरायला. कादंबरीच्या काळात, १९२० पासून, अमेरिकेत दारूबंदी आहे, तेव्हा मद्याची काळजी नको, भरपूर मिळेल. आमंत्रणांचा खर्च वाचवा. न बोलावता येतात, यजमानानं खून केलाय अशी कुजबुज करत त्याचीच शॅम्पेन पितात आणि मोसम संपला की कायमचे नाहीसे होतात. पुढे गॅट्सबीच्या अंत्यविधीच्या सुमारास त्यांच्यातल्या एकाचा फोन आला, तो विसरलेले टेनिसचे बूट पाठवून द्या म्हणून.

ग्रंथालयात पुस्तकं खरी ठेवा, पुठ्ठ्याची नकोत. पण पानं कापू नका. त्या काळच्या पुस्तकांची पानं कडेला जोडलेली असत, वाचणारा ती सुरीनं कापत जाई. गॅट्सबीकडच्या जाड चष्मेवाल्या पाहुण्यानं एक पुस्तक खाली ओढलं, पानं न कापलेली बघितली आणि भारावून गेला: कुठे थांबायचं हे या यजमानाला कळतं!

कपड्यांत मात्र त्याला थांबता आलं नाही. इंग्लंडमधला एक माणूस दर वसंतात आणि शरदात निवडक कपडे पाठवणार, ही व्यवस्था चांगली. ते शर्ट एकेक करून टेबलावर भिरकावले की डेझीसारखी (टॉमची बायको, गॅट्सबीचं जुनं प्रेम) खानदानी बाई त्यांत तोंड खुपसून रडते, इथवर सगळं जमलं. पण गुलाबी सूट घातलात की ऑक्सफर्डला शिकल्याचा दावा रद्द. टॉमनं तेवढ्या एका पुराव्यावर निकाल दिला. गॅट्सबी १९१९ मध्ये ऑक्सफर्डला पाच महिने खरोखरच होता, पण खरं असणं इथे कामाला येत नाही.

पैसा कुठून आला, या प्रश्नाला एकच उत्तर पाठ करा. गॅट्सबी एका दमात सांगून गेला की घराचे पैसे कमवायला तीन वर्षं लागली. गोष्ट सांगणाऱ्या निकनं विचारलं, तो तर वारसा होता ना? होता, पण युद्धाच्या गडबडीत बुडाला. मग कसला धंदा? ते तुमचं काम नाही. एवढं बोलल्यावर त्यालाच कळलं की हे उत्तर शोभणारं नव्हतं. टॉमला हा प्रश्न कोणी विचारतच नाही.

बजेट कमी असेल तर टॉमच्या प्रेयसीची, मर्टल विल्सनची पद्धत वापरा. न्यूयॉर्कला १५८व्या रस्त्यावर वरच्या मजल्याचा लहानसा फ्लॅट, दिवाणखान्यात मावणार नाही एवढं मोठं नक्षीकापडाचं फर्निचर, दहा डॉलरचं कुत्र्याचं पिल्लू. नवरा राखेच्या पट्ट्यात गॅरेज चालवतो हे विसरायचं, पोशाख बदलायचा आणि बर्फ वेळेवर आला नाही म्हणून 'या लोकांच्या मागंच लागावं लागतं' असं म्हणत भुवया उंचावायच्या.

आणि घोडा घ्या. यात कुचराई नको. एका रविवारी टॉम, स्लोन नावाचा त्याचा मित्र आणि एक बाई घोड्यांवरून फिरताना गॅट्सबीकडे थांबले. तो धावपळ करतोय: सिगारेट घ्या, सिगार घ्या, शॅम्पेन? काही नको. दोन पेले पोटात गेल्यावर बाई विरघळली आणि म्हणाली, जेवायला चला की आमच्याकडे! स्लोनचा चेहरा बघून कोणीही ओळखलं असतं की यावर 'पुन्हा कधीतरी' म्हणायचं असतं. गॅट्सबी म्हणाला, माझ्याकडे घोडा नाही, मी गाडीनं मागून येतो, एकच मिनिट. तो आत वळला. बाहेर टॉम चकित: अरे, हा खरंच येतोय की! तो नकोय हे त्याला कळत नाही? गॅट्सबी हॅट आणि कोट घेऊन दारात आला तेव्हा तिघं ऑगस्टच्या गर्द झाडीखाली दिसेनासे होत होते.

शहराच्या वाटेवर राखेचे ढीग लागतात. क्वीन्समधल्या कोरोनाला ते खरेच होते. पुढे तिथेच १९३९चं जागतिक प्रदर्शन भरलं. बोटींसाठी पूल वर उचललेला असला की आगगाडी थांबते, पण तेवढ्यापुरती नजर खाली ठेवली की झालं. वर चष्मा लावलेले निळे प्रचंड डोळे दिसतील. ती डोळ्यांच्या डॉक्टरची जुनी जाहिरात आहे. तिला देव समजणारा विल्सन, मर्टलचा नवरा, गॅरेजवाला होता. तुम्हाला ती नुसती जाहिरात समजणं परवडेल.

गाडी मात्र पिवळी घेऊ नका. त्याच पट्ट्यात मर्टल गाडीखाली आली, चालवत होती डेझी, लोकांच्या लक्षात राहिली गॅट्सबीची पिवळी गाडी. अशा रात्री कसं वागायचं हे ब्यूकॅननांकडून शिकावं. गॅट्सबी बाहेर झाडीत पहारा देत उभा होता. हे दोघं स्वयंपाकघरात समोरासमोर, मध्ये थंड तळलेली कोंबडी आणि बिअरच्या दोन बाटल्या. दुसऱ्या दिवशी विल्सन पिस्तूल घेऊन आला तेव्हा टॉमनं गाडीच्या मालकाचं नाव सांगितलं आणि सामान भरलं. विल्सननं गॅट्सबीला गोळी घातली. ब्यूकॅननांनी नोकरांकडे पत्ताही ठेवलेला नव्हता. ऑक्टोबरच्या शेवटी टॉम निकला फिफ्थ अॅव्हेन्यूवर भेटला, थोडं बोलला आणि जवाहिऱ्याच्या दुकानात शिरला. मोत्यांचा कंठा घेतला की बाह्यांची बटणं, हे निकलाही सांगता आलं नाही.